साकेवाल्यांचा हिवाळा

जपानी सुशी शेफ जिरो ओनोवरची डॉक्युमेंटरी आवडली असेल तर साकेवरची, म्हणजे तांदळापासून केलेल्या जपानी दारूवरची, 'द बर्थ ऑफ साके' (२०१५) ही डॉक्युमेंटरी पण नक्की बघा. जपानमधल्या इशिकावातल्या योशिदांच्या कारखान्यात तेदोरिगावा नावाची साके कशी करतात ते आहे, म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल कामगार घरदार सोडून तिथेच राहतात, एकत्र जेवतात, वाफवलेला गरम भात हातांनी मोकळा करतात, त्यावर साके आंबवायला लागणारी कोजी नावाची बुरशी भुरभुरतात आणि ती नीट धरतेय ना ते बघायला रात्रीबेरात्री उठतात! (साकेवाले या दिवसांत नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) खात नाहीत बरं का, त्यातले जिवाणू कोजीत शिरले की सगळं बिघडतं.) बायकापोरांपासून सहा-सहा महिने लांब, हे बघताना मला खरंच भरून आलं.