‘मला चढलेली नाही’ : नशेचा स्वतःचा अंदाज कुठे चुकतो?

पिणाऱ्यांशी ज्यांचा कामामुळे रोज संबंध येतो, त्यांनी इथे लिहावं. किस्से नकोत. अंदाज कुठे चुकतो, का चुकतो आणि त्यावर काय करता येतं, तेवढंच सांगा.

बार काउंटर
लोक पेग मोजतात, अल्कोहोल मोजत नाहीत. स्मॉल ३० मिली, लार्ज ६०. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या एका लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४१ ग्रॅम. म्हणजे ‘एकच बिअर घेतली’ म्हणणाऱ्याच्या पोटात दोन लार्ज गेलेले असतात. घरी तर मापच नसतं. ग्लासात आधी बर्फ टाकला की किती ओतली ते कळत नाही; म्हणून आधी माप, मग बर्फ. ग्लास रिकामा व्हायच्या आत कोणी वरून भरला, की मोजणी संपली.

न्यायवैद्यक
वरच्या ग्रॅमचं पुढे काय होतं ते सांगतो. विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाचं सूत्र सोपं आहे : अल्कोहोलच्या ग्रॅमना वजनाच्या ०.६८ पटीने भागायचं, बायकांसाठी ०.५५ पटीने. उत्तराला शंभराने गुणलं की १०० मिली रक्तातले मिलिग्रॅम ढोबळमानाने मिळतात. ७० किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी एक लार्ज झटकन संपवला तर ४० च्या वर. ५५ किलोच्या बाईंचे ६५ च्या आसपास. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा ३० आहे, आणि एवढ्यावर ‘काही झालंय’ असं बऱ्याच जणांना जाणवतही नाही. हा सरासरीचा हिशेब आहे. त्यावर विसंबून गाडी काढू नये.

खरी फसगत वेळेची. रक्तातलं प्रमाण शेवटच्या घोटानंतरही अर्धा-एक तास वाढत राहू शकतं, भरल्या पोटी त्याहून जास्त वेळ. बिल देताना केलेला अंदाज त्यामुळे शिखराच्या आधीचा असतो. उतरतानाची गत उलटी. ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ मध्ये दाखवलं, की रक्तातलं प्रमाण तेवढंच असलं तरी चढताना नशा जास्त दिसते, उतरताना कमी. ‘आता उतरली’ असं वाटतं तेव्हा आकडा मर्यादेच्या बराच वर असू शकतो.

व्यसनमुक्ती समुपदेशन
मुरलेल्या माणसाची जीभ अडखळत नाही, पाय लटपटत नाहीत. घरच्यांनाही तो शुद्धीत वाटतो. पण एकाच वेळी आरसा, सिग्नल आणि रस्ता ओलांडणारं पोर सांभाळायचं म्हटलं की मेंदू मागे पडतो. शिवाय माणूस स्वतःला टेबलावरच्या इतरांशी ताडून बघतो. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ मध्ये हेच आढळलं : भोवती जास्त झिंगलेले असले की आपण बरे वाटतो.

चालक तपासणी
सकाळच्या पाळीला लोक अडकतात. ७० किलोच्या माणसाने रात्री दहा ते बारा दीड क्वार्टर, म्हणजे २७० मिली घेतली, तर सूत्राने एकूण १९० च्या आसपास येतं. शरीर तासाला साधारण १५ कमी करतं. सकाळी सातला ५५ उरतात, तेही आंघोळ-चहा करून ताजंतवानं वाटत असताना. कॉफी, लिंबूपाणी, गार पाणी यांनी झोप उडते. यकृताचा वेग तोच राहतो. श्वास तपासायच्या यंत्रात फुंकर मारण्याआधी माउथवॉश वापरला असेल तर पंधरा मिनिटं थांबवा, नाहीतर यंत्र तोंडातलंच अल्कोहोल मोजतं.

आपत्कालीन विभाग
गाडीची किल्ली पहिल्या पेगच्या आधीच दुसऱ्याकडे द्या. तिसऱ्यानंतर ती मागितली की वादच होतो. पहिल्या घोटाची वेळ आणि प्रत्येक पेग मोबाईलमध्ये लिहा.

‘झोपू दे, उतरेल’ म्हणून कोणाला एकटं सोडू नका, झोपेतही प्रमाण चढत असतं. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. हाक मारून, खांदा हलवूनही जाग येत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच १०८ ला फोन करा. मीठपाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका.