मदत हवी आहे: मुलासाठी एचपीव्ही लस नाशिकमध्ये कोठे मिळेल?

गोदाकाठ:
घशाच्या कर्करोगापासून बचाव व्हावा म्हणून मुलाला एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा) या विषाणूवरची लस द्यायची आहे. गंगापूर रोडवरच्या तीन औषध दुकानांत आणि एका दवाखान्यात विचारले, पण सगळीकडे ‘ती मुलींची लस आहे’ एवढेच उत्तर मिळाले. नाशिकमध्ये ज्यांनी आपल्या मुलाला ही लस दिली आहे, त्यांनी कृपया आजच लिहावे.

सातपूरकर:
मुलाचे वय किती? त्यावाचून काहीच सांगता येणार नाही.

निवृत्त शिक्षक:
हा विषाणू गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा आहे. मुलींना लस दिली की मुलगे आपोआप सुरक्षित होतात. मग हा खर्च कशासाठी? घशाच्या कर्करोगाची भीती असेल तर मुलाला तंबाखूपासून दूर ठेवावे.

मेघना, इंदिरानगर:
सर, हे मला पटत नाही. ते आपोआप मिळणारे संरक्षण बहुसंख्य मुलींनी लस घेतली तरच लाभते, आणि पुरुषांशीच संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना तेही मिळत नाही. घसा, गुदद्वार आणि शिश्न यांचे कर्करोगही या विषाणूमुळे होतात. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून मुलग्यांनाही शाळेतच लस दिली जाते.

पंचवटीकर:
माझे वय ३८ आहे. जननेंद्रियावर याच विषाणूच्या चामखिळी आल्या आहेत. लसीने त्या जातील का?

मेघना, इंदिरानगर:
नाही. लस नव्या संसर्गाला अडवते, झालेला संसर्ग बरा करत नाही. संकोच न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

गोदाकाठ:
सर, माझ्या थोरल्या भावाने आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही. तरीही गेल्या वर्षी त्याला टॉन्सिलचा कर्करोग झाला, आणि गाठीच्या तपासणीत हाच विषाणू निघाला. म्हणून ही घाई आहे. मुलगा १४ वर्षांचा आहे, पुढच्या महिन्यात त्याला पंधरा पूर्ण होतील.

सातपूरकर:
हेच आधी लिहायला हवे होते. पंधराव्या वाढदिवसापूर्वी पहिला डोस झाला तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. नंतर सुरुवात केली तर तीन घ्यावे लागतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ९ ते २६ वयाच्या मुलगे-मुली दोघांसाठी आहे. दुकानांत फिरू नका. ही लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, तेव्हा बालरोगतज्ज्ञांनाच मागवायला सांगा. या वयात सुईनंतर भोवळ येऊ शकते, म्हणून पंधरा मिनिटे तेथेच बसवा.

गोदाकाठ:
नाशिकरोडच्या एका बालरोगतज्ज्ञांशी आताच बोललो. लस मागवून शनिवारी देतो म्हणाले. धाकटा ११ वर्षांचा आहे, त्यालाही बरोबर नेत आहे.