सिनेमातलं बेट बघायला जाणं म्हणजे गुन्हा आहे का?

कासारवडवलीकर:
काल रात्री जेवताना घरात जो वाद झाला तो संपतच नाहीये म्हणून इथे टाकतोय. बहीण आयर्लंडला कॉर्कमध्ये असते, जुलैमध्ये आम्ही तिच्याकडे चाललोय आणि पोराला स्केलिग मायकल बघायचंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, केरीच्या किनाऱ्यापासून साधारण १२ किलोमीटर आत अटलांटिकमध्ये उभा असलेला खडकाचा सुळका, वर हजार वर्षांहून जुन्या ख्रिस्ती साधूंच्या दगडी झोपड्या, १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत, आणि स्टार वॉर्सच्या २०१५ आणि २०१७ च्या सिनेमांत म्हातारा नायक ल्यूक जिथे जगापासून लपून बसलेला असतो ते हेच. उन्हाळ्यात पफिन पक्षी हजारोंनी असतात, माणसांना फारसे घाबरत नाहीत, चोचीत सातआठ मासोळ्या आडव्या धरून अगदी पायऱ्यांजवळ उभे राहतात म्हणे.
बायकोचं म्हणणं, त्या पक्ष्यांच्या बाळंतिणीच्या खोलीत तुम्ही बूट घालून शिरणार आणि त्याला ट्रिप म्हणणार. माझं म्हणणं साधं आहे. दिवसाला साधारण १८० माणसंच सोडतात, सरकारने मोजून परवाने दिलेत, आपण नाही गेलो तर आपल्या जागी दुसरे चार जण जातील, पफिनला काय फरक पडणार? सांगा कोण बरोबर.

खाडीकाठची:
वहिनींना माझा नमस्कार सांगा. "आपण नाही तर दुसरं कोणीतरी" हे वाक्य मी येऊरच्या जंगलात शनिवारी रात्री स्पीकर लावणाऱ्यांकडूनही ऐकलंय.
मी ऐरोलीला राहते, खाडी घरापासून दहा मिनिटांवर. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं आहे, २०२२ ला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, म्हणजे कागद एकदम पक्के. तरी मागच्या फेब्रुवारीत काय झालं ते सांगते. नात्यातली मंडळी आली होती म्हणून एका खासगी होडीतून गेलो. ओहोटी होती, चिखलावर थवा माना खाली घालून खात होता, इतका शांतपणे की चिखलात चोची फिरवल्याचा बारीक आवाज येत होता. आमच्यातलाच एक जण होडीवाल्याला म्हणाला, दादा जरा उडवा ना, रील काढायचीय. आणि त्याने इंजिन रेज केलं. अख्खा थवा उठला, सगळे वॉव वॉव करायला लागले. अरे त्या पक्ष्यांना खायला ओहोटीचे तेवढे चार तास मिळतात आणि त्यातला अर्धा तास तुझ्या रीलला गेला! त्या दिवसापासून मी पाहुण्यांना घेऊन जात नाही. आणि हे सिनेमाशिवाय, सिनेमा आला असता तर विचारूच नका.

पोर्गप्रेमी_खारघर:
ताई तुमचा राग मान्य पण त्यात सिनेमाचा काय दोष, तो तर तुमच्या पाहुण्यांचा. उलट स्केलिगवर काय झालं बघा. शूटिंगला पफिन जिकडेतिकडे फ्रेममध्ये यायला लागले, ते संरक्षित असल्यामुळे हाकलता येईनात, आणि कॉम्प्युटरवर एकेक पुसत बसणं म्हणजे डोकेदुखी, तर डिझाइनवाल्यांनी त्यांच्यावरूनच पोर्ग नावाचा गुबगुबीत प्राणी तयार केला. म्हणजे पक्ष्यांनी सिनेमाला वाकवलं, सिनेमाने पक्ष्यांना नाही. पुढे तर त्या झोपड्यांचा सेट त्यांनी डिंगलजवळ मुख्य किनाऱ्यावर उभा केला आणि काम झाल्यावर उचलून नेला.
आणि माझं सांगतो, मी बारावीत असताना पोर्ग बघितला, मग पफिनचे व्हिडिओ, मग दुर्बीण, आता रविवारी पहाटे उरणच्या पाणथळीवर चिखलात उभा असतो आणि आई विचारते वेड लागलंय का. सिनेमा नसता तर मला शेकाट्या आणि तुतवार यातला फरक कळला असता का? कळला नसता.

वाशीची_मावशी:
मी दोन्ही बाजूंनी बोलणार, चालेल ना?
फुकेतहून आम्ही माया बेला दोनदा गेलो. पहिल्यांदा २०१७ ला. द बीच सिनेमामुळे प्रसिद्ध झालेली ती फी फी ले बेटावरची खाडी, त्यावेळी दिवसाला पाच हजारांपर्यंत लोक यायचे. मला समुद्र दिसलाच नाही, खरंच सांगते, होड्यांची शेपटं दिसली नुसती, पाण्यावर डिझेलचा तवंग आणि फोटोला जागा मिळावी म्हणून दोन बायकांचं चाललेलं भांडण. जून २०१८ ला थायलंडने बंदच करून टाकलं ते. जानेवारी २०२२ ला उघडलं. आम्ही २०२३ ला परत गेलो तर होड्यांना समोरून यायलाच बंदी, बेटाच्या मागच्या अंगाला उतरायचं, लाकडी वाटेने चालत यायचं, पोहायला मनाई, तासाला ठरावीक माणसं. आणि काठाशी गुडघाभर पाण्यात काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क फिरत होते. आमचे हे सहा मोजून थांबले, पुढे मोजणं सोडून नुसते बघत बसले. म्हणजे बंद ठेवल्याने परत आलं हेही खरं, आणि आता दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर बंद ठेवून बाकी वेळ लोक येतात तरी टिकून आहे हेही खरं.
आणि पोर्गप्रेमी बाळा, सगळे सिनेमावाले तुझ्या स्टार वॉर्ससारखे शहाणे नसतात. माया बेला १९९९ च्या शूटिंगला वाळूचे उंचवटे सपाट करून नारळाची झाडं लावली होती, का तर पडद्यावर बेट बेटासारखं दिसावं म्हणून! त्याची केस पुढे वीस वर्षांहून जास्त चालली.

मालवणी_माजिवडा:
मला एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात खडकांची बेटं आहेत, वेंगुर्ला रॉक्स. तिथल्या गुहेत पाकोळी पक्षी घरटी करतात, लाळेची. ना सिनेमा, ना टुरिस्ट, ना रील. आणि तरी काय चाललं होतं? २००१ च्या सुमारास उघडकीला आलं की ती घरटी काढून बाहेर विकली जातायत, चिनी सूपसाठी. वर्षानुवर्षं कोणाला पत्ता नाही कारण तिकडे बघणारंच कोणी नव्हतं. म्हणून "जाऊच नका, पक्षी सुखी राहतील" हे मला पटत नाही. माणूस गेला नाही तर चोर जातो. डोळे असलेले बरे.

खाडीकाठची:
दादा पण ती घरटी वाचवली कोणी? टुरिस्टांनी की तिथे राखणीला राहिलेल्या गावच्या माणसांनी? डोळे हवेत हे शंभर टक्के मान्य, पण अडीच तास उतरून सेल्फी काढणाऱ्याचे डोळे त्यात मोजू नका. राखणदार वेगळा, पाहुणा वेगळा.
आणि पफिनचा कुणी विचारच करत नाहीये म्हणून सांगते. ते मातीत बिळं करून राहतात, वर्षाला एकच अंडं. पायवाट सोडून दोन पावलं गवतात गेलात आणि छत खाली बसलं तर त्या जोडीचं ते वर्ष संपलं. रात्री येणारे स्टॉर्म पेट्रेल आणि शिअरवॉटर हे समुद्रपक्षी तर तुम्हाला दिवसा दिसणारही नाहीत, पण ते तुमच्या पायाखालीच बसलेले असतात.

मालवणी_माजिवडा:
राखणदाराचा पगार कुठून येतो मग ताई? पाहुण्याच्या तिकिटातून पण येतो की. बाकी बिळाचं मला माहीत नव्हतं. पायवाट सोडू नये हे बरोबर.

निवृत्त_नेरूळ:
सगळे पक्षी आणि सिनेमा बोलताय, पायऱ्यांचं कोणी बोलत नाही. ६१८ पायऱ्या आहेत, ओबडधोबड दगडाच्या, बहुतेक ठिकाणी कठडा नाही, संडास नाही, पावसात आडोसा नाही. २००९ मध्ये दोन पर्यटक वेगवेगळ्या वेळी पडून दगावले तिथे. रायगड चढलोय म्हणून मिजास करू नका, रायगडाला खाली अटलांटिक नाही आणि गुडघे बोलायला लागले तर रोपवे आहे. आणखी एक, आयर्लंडला शेंगेन व्हिसा चालत नाही, वेगळा काढावा लागतो, आमच्या शेजाऱ्यांना हे तिकिटं काढल्यावर कळलं.
माझं वैयक्तिक मत विचाराल तर ज्या साधूंनी माणसांपासून लांब जायचं म्हणून तो खडक निवडला त्यांच्या दारात आपण सिनेमा शोधत जायचं हेच मला विचित्र वाटतं. आपल्या एखाद्या संजीवन समाधीपाशी कोणी "इथे अमुक हिरो उभा होता" म्हणून फोटो काढला तर कसं वाटेल?

पोर्गप्रेमी_खारघर:
काका, गोव्यात छापोऱ्याला दिल चाहता है म्हणून वीस वर्षं लोक फोटो काढतायत, किल्ला कोणी बांधला कोणी विचारत नाही. आणि पँगाँगला थ्री इडियट्सची पिवळी स्कूटर भाड्याने मिळते फोटोला. आपण काय आयर्लंडला शिकवणार.

निवृत्त_नेरूळ:
तेच तर म्हणतोय मी.

वाशीची_मावशी:
कासारवडवलीकर, मधला मार्ग आहे ना. न उतरता नुसती चक्कर मारून आणणाऱ्या होड्या असतात. शेजारच्या लिटल स्केलिगवर तर कोणालाच उतरू देत नाहीत, गॅनेट पक्ष्यांनी तो अख्खा खडक पांढरा केलेला आहे, होडीतूनच बघतात सगळे. स्वस्तही पडतं, उतरायचं तिकीट शंभर युरोंच्या वर आहे माणशी. चौघांचा हिशेब करा मग वहिनींचं म्हणणं आपोआप पटेल.

कासारवडवलीकर:
हिशेब केला, पटायला लागलंय 😅 पण उतरायचं बुकिंग महिनोन्महिने आधी संपतं, आत्ता मिळतंय तर सोडवत नाही. समुद्र खवळला तर त्या दिवशीची होडी रद्द होते असंही वाचलं. आणि पफिन ऑगस्टच्या सुरुवातीला निघून जातात म्हणजे जुलैच बरोबर. मी पायवाट सोडणार नाही, जेवण उघडणार नाही, आवाज करणार नाही, लिहून देतो. पोरासाठी एकदाच.

कासारवडवलीकर:
नमस्कार, फोन यांचाच आहे पण लिहितेय मी, यांची बायको. खाडीकाठच्या ताईंना धन्यवाद. मावशी, चक्कर मारणाऱ्या होडीला माझा मुलगा सोमवारीच तयार झालाय, त्याला पफिन दुर्बिणीतून दिसले तरी चालणार आहेत. उतरायचा हट्ट यांचा आहे. काल गोखले रोडवरून त्या ल्यूककडे असते तशी लाइट लागणारी प्लास्टिकची तलवार आणलीय, आवाजही येतो तिचा, घूंऽऽ करून, आणि ती कपाटात माझ्या साड्यांमागे लपवलीय. ती बॅगेत दिसली तर मी त्या चकरेच्या होडीतसुद्धा बसणार नाही.

पोर्गप्रेमी_खारघर:
काका निळी की हिरवी?