मामा (माजी मालगुजारी) तलाव : यंदा रोपं लावायची की आधी बेशरम (तलावात माजणारं झुडपी तण) उपटायची?

पाळीवरचा (साकोली तालुका)
ग्रामसभेत ठरलं : जेसीबीनं तलाव खोल करायचा आणि पाऊस लागला की पाळीवर (तलावाच्या बांधावर) 500 रोपं लावायची. मी दोन्हींना विरोध केला, तर "हा नेहमीचाच आडवा" म्हणून हसले. इथं सविस्तर मांडतो.

पाळ मातीची, कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेली. तिच्यावर मोठं झाड वाढून मेलं की मुळं कुजतात, आणि त्याच पोकळीतून पाणी झिरपायला लागतं. झाडं गावठाणात, रस्त्याकडेला लावा ना, कोण अडवतं?

खोलीकरणाचं तर विचारूच नका. आपला तलाव परातीसारखा उथळ. काठच्या पाण्यात देवधान (रानटी भात) उगवतं, तिथंच मासे अंडी घालतात, पाखरं उतरतात. यंत्र तिथं उभा कडा पाडतं. आणि तुडुमाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) खाली गेलेलं पाणी बांधीत (धानाच्या शेतात) येणार कसं? ते वर चढत नाही, बाप्पा! अर्धा तलाव बेशरमानं व्यापलाय, त्याचं मात्र नावच नाही.

धानकरी
मी त्याच गावचा, ठरावाला हात वर करणाऱ्यांतला. 1951 मध्ये मालगुजारी (इथली जमीनदारी) गेली, तलाव सरकारचे झाले आणि गाळ कोणी काढायचा हेच कोणाला कळेना. पूर्व विदर्भातल्या साडेसहा हजारांवर तलावांची हीच गत. धान पोटरीत असताना पावसानं दडी मारली की एक पाणी लागतं. ते नाही मिळालं तर तुझी पाखरं येतील का माझं कर्ज फेडायला? बांधीत गाळ टाकला त्या साली मला खताची पोती कमी लागली. बेशरम उपटून पोट भरत नाही.

ढिवराची लेक
भाऊ, आम्हा मासेमारांचं भरतं. बेशरम वाढली की जाळं टाकायला जागा उरत नाही. अर्जुनी मोरगावकडं ढिवर बायांनी ती हातानं उपटली, पाण्यात देशी वनस्पती लावल्या आणि गावरान मासे परत आले. पण रविवारचं श्रमदान करून फोटो काढला, असं हे काम नाही. मुळासकट काढावी लागते. काडीचा तुकडा चिखलात राहिला तरी फुटतो, म्हणून काठावर वाळवून जाळावी लागते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बघा एकदा.

खारपाणपट्टा, अकोला
भांडायला तलाव तरी आहे तुमच्याकडं! आमच्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. झाडाला विरोध मात्र पटला नाही. पाळीवर सावली काऊन नको?

पाळीवरचा
सावली हवीच, पण पाळीच्या पायथ्यापासून दूर. आणि 2019 ला राज्यात 33 कोटी वृक्षलागवडीचा गाजावाजा झाला होता, आठवतं? आमच्या वाट्याची रोपं बकऱ्यांनी खाल्ली. (बकऱ्या तेवढ्या हिरव्या झाल्या.)

धानकरी, गाळ काढायला माझी ना नाही. तुडुमाच्या पातळीपर्यंत काढ, काठ सोड, बेशरम आधी.

धानकरी
बेशरम आधी म्हणजे रोवण्याच्या (धान लावणीच्या) तोंडावर मजूर आणू कुठून? जेसीबी सोमवारी येणार, डिझेलची वर्गणी झालीय. तुला पातळी दाखवायची असेल तर सकाळी सातला पाळीवर ये. नाही आलास तर मी माझ्या हिशेबानं खोदीन.

ढिवराची लेक
सातला मीही येते. काठ कुठवर सोडायचा ते आम्हाला ठाऊक आहे.