एफ कॉर्ड वाजतच नाही, बोटं खूप दुखतात, दोष गिटारचा की माझा?

पेटीवाली_चिपळूण:
नमस्कार मंडळी, मी चिपळूणची, वय ४४, भजनी मंडळात बरीच वर्षं पेटी वाजवते त्यामुळे सुरातालाचं अडत नाही. लेक पुण्याला शिकायला गेला, त्याची अकूस्टिक गिटार घरी पडून होती ती दिवाळीनंतर हातात घेतली. व्हिडिओ बघून जी, सी, डी, ई मायनर या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बसलेत, पण एफला पहिलं बोट आडवं टाकलं की दोन तारा मुक्या होतात नाहीतर नुसत्या झणझणतात. पाऊस लागल्यापासून तर तारा अजूनच कडक लागतायत. क्लासमध्ये एकदा विचारून आले तर म्हणाले तुमची बोटं लहान आहेत, युकुलेले (चार तारांची छोटी गिटार) घ्या. खूप मनाला लागलं ते. मला हीच शिकायचीय, मंडळात काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) गातात त्यांना साथ करायचीय. काय करू?

तारवाला:
ताई, लहान बोटांचा काही संबंध नाही, ते आधी डोक्यातून काढून टाका. मी गिटार सेटअप करतो (तारांची उंची वगैरे नीट लावून देतो), नवीन शिकणाऱ्यांच्या गिटारी येतात त्यातल्या बऱ्याच गिटारींची अॅक्शन, म्हणजे तारा आणि फ्रेट (गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) यांच्यातली उंची, एवढी असते की मलाही एफ धरायला जोर लावावा लागतो. तुम्ही घरीच बघा, कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली किती फट आहे ते मोजा, अडीच मिलीमीटरच्या आसपास हवी, बारीक तारेखाली दोन. मग तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर डोकावून बघा, तिथे कागद जेमतेम सरकेल एवढीच जागा हवी. जास्त असेल तर नटच्या (गळ्याच्या टोकाची तारा टेकणारी खाचांची पट्टी) खाचा उंच आहेत, आणि नट उंच असला की सगळ्यात जास्त त्रास पहिल्या फ्रेटवरच होतो, म्हणजे नेमका तुमच्या एफला. अजून एक, तीच बार कॉर्ड (पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून) तिसऱ्या फ्रेटवर धरा (जी होईल). तिथे सहज वाजली तर प्रश्न नटचाच.
पावसाळ्यात कडक लागते ते पण खरंय, कोकणातल्या दमटपणात लाकूड पाणी धरतं, ब्रिजच्या (तारा खाली अडकवलेली लाकडी पट्टी) इथे गिटारचं पोट वर येतं आणि तारा उचलल्या जातात. तारा गंजल्याही असतील, बदलून दहा गेजच्या (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची) टाका. फक्त नायलॉनच्या टाकू नका, तो ब्रिज त्यांच्यासाठी नसतो.

सूरवेडा:
तारवाले म्हणतात ते बरोबरच, पण ताई तुम्हाला काळी चारसाठी एफ लागतोच कशाला? काळी चार म्हणजे जी शार्प. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि जी, सी, डी, ई मायनर वाजवा, तुम्हाला येतात त्याच चार. शिवाय कॅपोने नटची उंची पण बाजूला पडते, बोटांना लगेच फरक कळेल. कोणी काळी पाचमध्ये गायलं तर कॅपो तिसऱ्यावर, आकार तेच.
भजनाला मात्र प्रत्येक ओळीवर कॉर्ड बदलायच्या मागे लागू नका, भैरवीसारख्या चालीत मेजर कॉर्डचा शुद्ध गंधार कोमल गंधाराशी सरळ सरळ भांडतो. तिथे जी धरताना पाचवी तार (तारा बारीककडून मोजायच्या) बंद ठेवा आणि दुसरी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा, फक्त सा आणि पा उरतात, तंबोऱ्यासारखा आधार मिळतो गाणाऱ्याला. पेटीवाल्या माणसाच्या कानाला हे फार पटकन कळतं, तुमची ती मोठी जमेची बाजू आहे.

रोज_अर्धा_तास:
मी थोडं वेगळं म्हणेन, एफ सोडू नका, हळूहळू घ्या. आधी बार न टाकता फक्त खालच्या, बारीक बाजूच्या चार तारांचा एफ, त्यात पहिलं बोट दोनच तारांवर आडवं येतं. तेही जड गेलं तर बारीक तार मोकळी ठेवून एफ मेजर सेव्हन. बोट फ्रेटच्या अगदी मागे लागून ठेवा, मधोमध नको, निम्मा जोर वाचतो. आणि डाव्या हाताची नखं पूर्ण कापा. दुखतं ते पहिले काही आठवडेच, रोज थोडं थोडं वाजवलं तर कातडी घट्ट होते, रविवारी एकदम तीन तास बसलात तर नुसते फोड येतील.

पेटीवाली_चिपळूण:
सगळ्यांचे मनापासून आभार!! आत्ताच मोजलं, जाड तारेखाली ४ मिमी भरलं. आणि बार कॉर्ड तिसऱ्या फ्रेटवर खरंच वाजली, सहाच्या सहा तारा, डोळ्यात पाणीच आलं. लेकाकडे पुण्याला जायचंय पुढच्या आठवड्यात, तिथे सेटअप करून घेते. एसटीतून नेताना काही काळजी?

तारवाला:
४ म्हणजे फारच झालं ताई. तारा एखादा सूर खाली उतरवून न्या, पूर्ण सोडू नका, आणि डिकीत टाकू नका, मांडीशी उभी धरा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. तिकडे सांगा की आधी नट बघा, नवीन तारा टाका आणि मगच सॅडल (ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी) खालून घासा, एकदम जास्त घासलं तर हिवाळ्यात लाकूड सुकल्यावर तारा फ्रेटवर आपटायला लागतील.