बंदुकीला एकच तेल पुरतं का?

दुनळीवाला: वडिलांची बारा बोअरची दुनळी आता माझ्याकडे आली आहे. नळ्यांवरचं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) कडांना विरळ झालंय, अक्रोडाचा दस्ता कोरडा वाटतो. घरात डब्ल्यूडी-४०, शिलाई मशीनचं तेल आणि जवसाचं तेल आहे. यांवर भागेल, की सीएलपी (सफाई, वंगण आणि गंजरोध एकत्र असलेलं बंदुकीचं तेल) आणू?

जुनाखटका: आधी दुनळी बिजागरीवर उघडून दोन्ही चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामे आहेत ना ते डोळ्यांनी बघा. बाटल्या नंतर.

मळ सोडवणं, घर्षण कमी करणं आणि ओल लांब ठेवणं ही तीन वेगळी कामं आहेत. सीएलपी तिन्ही बऱ्यापैकी करतं, नेहमीच्या देखभालीला ते पुरे. सॉल्व्हंट, म्हणजे मळ विरघळवणारा द्रव, मळाबरोबर जुनं तेलही धुऊन काढतो, त्यामुळे तो वापरलात की कोरडी चिंधी फिरवून लगेच तेलाचा हात द्या. ब्लूइंगच्या भरवशावर राहू नका. तेलाशिवाय ते गंज फारसा अडवत नाही.

डब्ल्यूडी-४० १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनलं. भिजलेल्या बंदुकीवर जरूर मारा, पण त्यातला पातळ भाग उडून जातो, मागे थोडंच उरतं. आतल्या यंत्रणेत फवारत राहिलात तर चिकटा साठतो. शिलाई मशीनचं तेल हलणाऱ्या भागांना थेंबभर चालेल. बिजागरीच्या खिळीला मात्र ग्रीसच हवं, तिथल्या दाबाखाली तेल टिकत नाही.

तांबं काढणारे अमोनियाचे सॉल्व्हंट घेऊ नका. तुमच्या नळीत शिसं आणि वॉडच्या (काडतुसात छर्ऱ्यांमागे असते ती डाट) प्लास्टिकचा थर सापडेल, तांबं नाही.

जवसाचं तेल फक्त लाकडाला, तेही बोटाने चोळून. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं. धातूवर त्याचं वार्निश होईल. त्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

छर्रा: माझी स्प्रिंगची एअर रायफल आहे. हेच तेल चालेल?

जुनाखटका: कम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे हवा दाबली जाते त्या नळकांड्यात, अजिबात नको. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने खनिज तेल पेटतं, सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात. उत्पादकाने सांगितलेलंच वापरा.

रेंजकाका: जुनी लष्करी काडतुसं वापरणाऱ्यांसाठी: क्लोरेटच्या प्रायमरमधून (काडतुसाच्या बुडाची, दारू पेटवणारी टोपी) पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे मीठ तेलात विरघळत नाही, त्यामुळे नुसतं तेल लावलंत तरी खाली गंज धरतो. आधी गरम पाणी, मग पूर्ण कोरडं करून तेल.

दुनळीवाला: धन्यवाद. दस्ता लोखंडाला भिडतो तिथे लाकूड काळपट आणि मऊ लागतंय. जवसाचं तेल लावू का?

जुनाखटका: नको! बंदूक उभी ठेवून नळीतलं तेल वर्षानुवर्षं खाली उतरलं की असंच होतं. लाकूड तिथे आधीच तेल प्यायलंय, अजून पाजू नका. बंदूक गोळी न झाडता कारागिराला दाखवा, कारण मऊ लाकूड धक्क्याने चिरतं. तो तेल शोषून काढेल. यापुढे तेल दिल्यावर नळ्यांची तोंडं खाली करून ठेवा, खाली जाड कापड घाला.