मदत हवी आहे: झाडाखालच्या कंदांना यंदा नुसती पानं

झाडाखाली डॅफोडिल आणि स्नोड्रॉप (दोन्ही थंड हवेतली, कंदापासून येणारी फुलझाडं) लावलेत. गेल्या वसंतात डॅफोडिल फुलले, यंदा नुसती पानं. स्नोड्रॉप पन्नासातले सहाच उगवले. खत, पाणी सगळं दिलं. आता काय करू? लवकर सांगा, नवे कंद मागवायचेत.

रानवाट: झाड कोणतं? पानगळीचं की सदाहरित? कंद किती खोल लावलेत?

धागाकर्ता: मेपल, पानगळीचं. खोली मोजली नाही, दोन बोटं असेल.

मातीमाय: फारच उथळ! कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल हवेत. डॅफोडिल उथळ राहिला की कंद फुटून छोटे कंद (पिल्लं) होतात, फूल येत नाही. शिवाय मेपलची मुळं वरवर पसरतात, सगळं पाणी तीच पितात. पानांचं कुजलेलं खत घाला.

कुंडीप्रेमी: ट्यूलिप लावा. 12 ते 16 आठवडे फ्रीजमध्ये ठेवायचे, फक्त फळांजवळ नको, फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते.

रानवाट: अहो, ट्यूलिपला ऊन लागतं. त्यांची बाग सावलीची आहे. @धागाकर्ता, स्नोड्रॉपचे कंद सुके होते का?

धागाकर्ता: हो. दीड महिना पिशवीतच राहिले. हातात घेतले तर कांद्याच्या सालीसारखे हलके लागत होते.

रानवाट: तिथेच गेले ते. स्नोड्रॉप फुलं ओसरल्यावर, पानं हिरवी असतानाच घ्या आणि त्याच दिवशी लावा.

मातीमाय: असंच काही नाही. मी सुकेच लावते, छान येतात. फक्त घरी आले की लगेच मातीत.

रानवाट: तुमचे ताजे असतील हो. दीड महिन्यांनी नाही येत.

औषधी: स्नोड्रॉपमधलं गॅलँटामाइन हे द्रव्य अल्झायमरवर (विस्मरणाच्या आजारावर) औषध म्हणून वापरतात. पण कंद विषारी, मुलांपासून जपा.

सावलीकर: मूळ प्रश्न राहिलाच. गेल्या वर्षी फुलं गेल्यावर पानं कापलीत का?

धागाकर्ता: कापली. लोळत होती, म्हणून आधी गाठी मारल्या, मग कापली. त्याचा काय संबंध?

सावलीकर: सगळा संबंध तिथेच! पुढच्या वर्षीचं फूल याच पानांच्या अन्नावर कंदात तयार होतं. मेपलची पालवी दाटायच्या आत त्यांना ऊन घेऊ द्या. निदान सहा आठवडे हात लावू नका.

धागाकर्ता: यंदाच्या गाठी आत्ताच सोडल्या. कंद उकरून खोल लावू का?

सावलीकर: आत्ता नको. पानं पिवळी पडली की काढा, चिकटलेले सुटे करा आणि वीतभर खोल लावा. मेपलची जाड मुळं मात्र तोडू नका.